सरकीचं तेल आणि ताईचा प्रश्न

ताईने माझ्या हातातली वांगी काढून घेतली आणि भाजीवालीच्या ढिगात परत टाकली.

"बीटी असणार ही. बघ कशी चकचकतायत."

डोंबिवली पूर्वेला आमच्या इमारतीखालीच भाजीबाजार भरतो. भाजीवाली ओळखीची, पण ती भडकलीच. "काय झालंय वांग्यांना? पहाटे कल्याणच्या मार्केटातून आणलीत." मी तिला डोळ्याने खूण केली आणि अर्धा किलो द्यायला सांगितली. ताई पुढे चालायला लागली होती.

"घे तू. मी नाही खाणार."

"ताई, कीड लागू नये म्हणून जनुक बदललेल्या त्या बीटी वांग्याला आपल्याकडे परवानगीच नाही. बाजारात येतील कुठून?"

ती थांबली. फुटपाथवर मांडलेल्या गाड्या, नो पार्किंगच्या पाटीखाली लागलेल्या रिक्षा आणि चौथ्या मजल्यावर पत्रे ठोकून वाढवलेलं एक घर, सगळ्यावरून तिने शांतपणे नजर फिरवली. "परवानगी नसलेल्या किती गोष्टी इथून दिसतायत सांगू?"

त्या दिवशी मी भरली वांगी केली, तिने वरणभात खाल्ला. वांग्यांच्या पातेल्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. लहानपणी याच भाजीच्या खरवडीवरून आमची भांडणं व्हायची.

ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. वडील चिपळूणकडून नोकरीसाठी डोंबिवलीत आले, आम्ही दोघी इथेच वाढलो. मी इथेच राहिले, ती लग्नानंतर ठाण्याला गेली. आता माजिवड्याला, हायवेकडे तोंड करून उभ्या असलेल्या एका उंच इमारतीत राहते. ती भाबडी वगैरे अजिबात नाही. बँकेत अधिकारी म्हणून निवृत्त झाली. समोरच्याच्या बोलण्यातली फट तिला पटकन दिसते. म्हणून तर तिच्याशी वाद घालणं अवघड.

हे सगळं सुरू झालं भावोजी गेल्यावर. आतड्याचा कॅन्सर. कळलं तेव्हाच उशीर झालेला होता. त्यांना सुपारीचंही व्यसन नव्हतं, रोज सकाळी चालायला जायचे. ताईने डॉक्टरांना विचारलं, का झालं? डॉक्टर म्हणाले, "वय असतं, अनेक कारणं असतात." हे 'अनेक कारणं' तिच्या डोक्यात रुतून बसलं. अनेक म्हणजे कुठली? त्यातलं एक तरी सांगा. कुणी सांगितलं नाही. आणि मग योगाच्या क्लासच्या ग्रुपवर एक मेसेज आला. बीटी वांगी, जीएम मका, जीएम सोयाबीन, जनुकं बदललेलं अन्न आणि आतड्याचे आजार. खाली लाल अक्षरांत 'आपल्या माणसांना वाचवा'. जिचा माणूस वाचला नव्हता, त्या बाईला हा मेसेज मिळाला.

तिने स्वयंपाकघर उपसलं. मक्याचे दाणे गेले, सोयाबीन गेलं, वांगी गेली. मग पपई, मग टोमॅटो, मग ढोबळी मिरची. बिनबियांची द्राक्षं गेली, कारण बी नाही म्हणजे कुणीतरी काहीतरी केलंय. मी तिला सांगत राहिले की संकरित वेगळं आणि जीएम वेगळं. पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी दोन चांगल्या जातींचा संकर करत आलेत, ते एक. आणि प्रयोगशाळेत एका जिवाचं जनुक काढून दुसऱ्यात घालायचं, हे दुसरं. तुझ्या पाटीतल्या टोमॅटोत असलं काही नाही. ती ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, "टोमॅटोला चव का नाही मग?"

चवीचं उत्तर वेगळं आहे, लांबलचक आहे. ते द्यायला लागलं की ती उठून गॅस पुसायला लागायची.

माझं सगळं आयुष्य अन्न तपासण्यात गेलं, हे इथे सांगायला हवं. ठाण्यातल्या एका खाजगी प्रयोगशाळेत मी नोकरी केली. हळदीत रंग मिसळलाय का, द्राक्षांवर फवारणीचे अंश किती राहिलेत, दुधात युरिया आहे का, हे आमचं रोजचं काम. पुढे पुढे जीएम तपासणीही आली. नातेवाइकांत त्यामुळे माझा एक लौकिक आहे. कुणाच्या घरी पनीर रबरासारखं लागलं तरी फोन मला. भाचीचाही फोन आला, बंगळुरूहून.

"मावशी, आई व्हिडिओ कॉलवर किती बारीक दिसते. ब्लाउज खांद्यावरून उतरतायत. भात, मुगाची डाळ आणि दुधी, एवढंच खाते. तू त्या विषयातली आहेस ना? समजाव ना तिला."

त्या विषयातली. मला त्या दिवसांत या शब्दाचा वैताग यायला लागला होता. त्या विषयातली असूनही मी तिच्या पानात एक फोड टाकू शकत नव्हते.

एकदा मी तिला पटवायला म्हणून कामातलं उदाहरण दिलं आणि तोंडावर पडले. म्हटलं, "अगं, आम्ही स्वतः तपासायचो. परदेशात जाणारा माल यायचा, जीएम नाही असं प्रमाणपत्र लागायचं, आम्ही तपासून द्यायचो."

"परदेशात जाणारा?"

"हो."

"का?"

"तिकडचं गिऱ्हाईक मागतं म्हणून."

"आणि मी कोण?" ताई म्हणाली. "मी पण गिऱ्हाईकच ना? माझ्यासाठी कधी तपासलंत?"

नव्हतं तपासलं. कुणी नमुनाच आणून दिला नव्हता. इथल्या बाजारासाठी ती तपासणी करून घ्यावी असं आमच्या कुठल्याच गिऱ्हाइकाला वाटलं नव्हतं, आणि आम्हालाही ते विचित्र वाटलं नव्हतं. मी म्हटलं, "तो वेगळा मुद्दा झाला. सुरक्षित आहे का हा एक प्रश्न, सांगायला हवं का हा दुसरा." ती म्हणाली, "तुमच्यासाठी असतील दोन. मी एकदाच खाते."

शेवटी मला वाटलं, माझ्या तोंडून पटत नाहीये, दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून ऐकू दे. ठाण्यात टेंभी नाक्याजवळ एका वाचनालयाच्या सभागृहात या विषयावर दोन बाजूंची चर्चा होती. एका बाजूला निवृत्त कृषिशास्त्रज्ञ, दुसऱ्या बाजूला जीएमविरोधी चळवळीतले एक कार्यकर्ते, ज्यांचं कल्याणला सेंद्रिय मालाचं दुकानही होतं. मी ताईला घेऊन गेले. चांगली खादीची साडी नेसून आली ती. खूप दिवसांनी कुठेतरी निघाली होती.

शास्त्रज्ञ आधी बोलले. बोलले ते बरोबर बोलले, हे मला आजही म्हणावं लागेल. जनुक म्हणजे काय, आपण रोज प्रत्येक घासाबरोबर किती जनुकं खातो आणि ती पोटात कशी पचतात, बीटीचं प्रथिन किडीच्या पोटात काम करतं तसं माणसाच्या पोटात का करत नाही. सोपं करून सांगत होते. पण त्यांचा सूर! समोर बसलेली माणसं म्हणजे नापास होऊन पुन्हा त्याच वर्गात बसलेली मुलं, असा. आणि मग टाळ्या मिळतायत म्हटल्यावर ते जरा रंगात आले.

"तुम्ही इथे बसलेले सगळे वर्षानुवर्षं सरकीचं तेल खाताय. सरकी म्हणजे कापसाचं बी. आपल्याकडचा बहुतेक कापूस बीटी. म्हणजे सरकी बीटी आणि तेलही तिचंच. फरसाण, वेफर्स, हॉटेलातली भजी, सगळीकडे असतं. मग? कोण मेलं का?"

लोक हसले. माझ्या शेजारची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. ताई उभी राहिली होती.

"आमचे हे गेले," ती म्हणाली.

शास्त्रज्ञांनी विचारलं, "कशाने?"

"आतड्याच्या कॅन्सरने."

"वाईट वाटलं ऐकून. पण बाई, ते आयुष्यभर पाणीही प्यायले असतील. मग पाण्याने गेले म्हणायचं का?"

मागे दोघंतिघं हसली. ताई तशीच उभी होती. "मी तेलाने गेले असं म्हटलेलं नाही. तुम्ही विचारलंत कोण मेलं, म्हणून सांगितलं."

तेवढ्यात त्या कार्यकर्त्यांनी माइक उचलला. "बघा, या भगिनीच्या दुःखाची कशी थट्टा होते! हेच ते विज्ञान!" आणि पुढची दहा मिनिटं ते ताईच्या वतीने बोलले. तिने न उच्चारलेली वाक्यं तिच्या नावावर जमा होत होती. ती खाली बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मी हात वर करून बसले होते. माझ्यापर्यंत माइक आला नाही, वेळ संपल्याचं जाहीर झालं.

चहाच्या टेबलापाशी मी शास्त्रज्ञांना गाठलं. "सर, तुमचा मुद्दा बरोबर आहे. मी या क्षेत्रात काम केलंय. पण असं बोलून कोण ऐकणार?"

त्यांनी मला खालून वर पाहिलं. "तुम्ही नक्की कुठल्या बाजूच्या?"

"मी तिची बहीण."

"मग समजवा ना त्यांना," ते म्हणाले आणि बिस्किट घेऊन वळले.

परत येताना माजिवड्याच्या पुलाखाली आमची रिक्षा बराच वेळ अडकली. घरी आल्यावर तिने चहा टाकला, पातेल्यात बघत उभी राहिली आणि पाठमोरीच म्हणाली, "सरकीचं मला माहीतच नव्हतं गं."

"ताई..."

"मी वांगी टाकली, मका टाकला. आणि दर रविवारी यांच्यासाठी फरसाण मीच आणायचे. नाक्यावरच्या दुकानातून. त्याच्याकडे सरकीचंच तेल असतं, मागे डबे रचलेले असतात, मी डोळ्यांनी बघितलेत. हे नको म्हणायचे, मी म्हणायचे घ्या हो थोडं, रविवार आहे."

आता मला कळलं की आजवर मी टोमॅटो आणि द्राक्षांवर वाया घालवलेला सगळा शहाणपणा चुकीच्या पत्त्यावर जात होता. तिला जनुकांशी काही घेणंदेणं नव्हतं. तिला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, याला कारण मी तर नव्हे ना? आणि त्या माणसाने टाळ्यांसाठी केलेल्या विनोदात तिच्या हातात नेमकं ते फरसाण ठेवलं होतं.

मी तिला सांगितलं की शुद्धीकरण केलेल्या तेलात ते प्रथिन राहतच नाही, जनुकही राहत नाही, नुसती चरबी राहते.

"मग तपास ना. तुझ्या जुन्या लॅबमध्ये दे. मी आणते तेल त्याच्याकडून."

"तेलात काही सापडणार नाही."

"म्हणजे बीटीचं असलं तरी कळणार नाही?"

"बहुतेक नाही."

"आणि नसलं तरी?"

"तरी अहवाल तसाच येणार."

"मग तुला कसं माहीत?"

"कारण जे सापडत नाही ते तिथे जवळपास नसतंच, ताई. म्हणून तर काळजी नाही."

"सापडत नाही म्हणून नाही," ती म्हणाली. "यांचं दुखणंही पहिल्या सोनोग्राफीत सापडलं नव्हतं."

मी चिडले. खरंच चिडले. हातातला कप आपटून ठेवला, बशीत चहा सांडला. म्हटलं, तू काहीच मानणार नसशील तर मी बोलायचं तरी कशाला? ती शांतपणे म्हणाली, "नको बोलूस." मी पर्स उचलून निघाले. ठाणे स्टेशनपर्यंत मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते आणि डोंबिवलीला उतरेपर्यंत त्या भांडणात हरलेही होते.

चारपाच दिवसांत भाचीने एक व्हिडिओ पाठवला. सभागृहात कुणीतरी मोबाइलवर घेतलेला. 'आमचे हे गेले' एवढाच तुकडा, मागे करुण संगीत आणि वर ठळक अक्षरं, 'बीटी तेलाने पती गमावलेल्या ठाण्याच्या गृहिणीचा आक्रोश'. ताई आक्रोश करत नव्हती. आणि तिने उभ्या आयुष्यात स्वतःला कधी गृहिणी म्हटलं नव्हतं. खाली दोन्हीकडच्या लोकांनी लिहिलं होतं. एका बाजूचे म्हणत होते, माऊली, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत. दुसऱ्या बाजूचे म्हणत होते, अडाणी बायकांना माइक कोण देतं.

मी त्या कार्यकर्त्यांना फोन केला, व्हिडिओ काढा म्हटलं. ते अतिशय गोड बोलले. "ताई, हे समाजासाठी आहे. तुमच्या भगिनींनी कल्याणच्या मेळाव्यालाही यावं. आणि हो, ते फरसाणचं दुकान कुठलं, एवढं विचारून सांगाल का?" फरसाणचं त्यांना ताईकडूनच कळलं होतं. त्यांनी तिलाही फोन केला होता आणि दुकानाचं नाव मागितलं होतं. तिने ते दिलं नव्हतं.

"का दिलं नाहीस?" मी विचारलं. आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं होतं, भांडणाविषयी कुणीच काही न बोलता.

"यांना न्यायच्या दिवशी तो दुकान बंद करून आला होता. खांदा दिला त्याने. त्याच्या दारात मी माणसं पाठवू?"

"मग कल्याणलाही जाऊ नकोस."

"जाणार. मला बोलायचंय."

मीही गेले. तिला एकटीला त्या लोकांत सोडायला मी तयार नव्हते. मेळावा एका मंगल कार्यालयात होता. दारापासूनच स्टॉल. खपली गहू, गावठी तूप, लाकडी घाण्याचं तेल, गूळ. जिथे तिथे शुद्ध, शुद्ध, शुद्ध. व्यासपीठावर लग्नातल्याच सोनेरी खुर्च्या. जीएम मोहरीची केस कोर्टात कशी चाललीय यावर एक वकील बोलले, त्यांचं बोलणं खरं तर नेमकं होतं, पण लोक जांभया देत होते. मग कार्यकर्ते उठले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आता आपल्यासमोर येतायत बीटी तेलाने ज्यांचं कुंकू पुसलं, त्या माऊली."

ताई व्यासपीठावर गेली. चष्मा नीट केला.

"माझे मिस्टर तेलाने गेले असं मी कुठेही म्हटलेलं नाही," ती म्हणाली. "मला माहीत नाही ते कशाने गेले. मी विचारायला गेले होते. ठाण्याला मला हसले. इथे तुम्ही माझ्यासाठी रडताय. उत्तर दोन्हीकडे मिळालं नाही."

कार्यकर्ते पुढे सरसावले. "आम्ही तुमच्या भावना समजू शकतो..."

"भावना नाहीत, प्रश्न आहे. तुमच्या स्टॉलवरच्या तेलाच्या बाटलीवर 'जीएममुक्त' असं छापलंय. मी आत येताना बघितलं. तुम्ही तपासून घेतलंत का?"

"आमचा आमच्या शेतकऱ्यांवर विश्वास आहे, ताई."

"मग मी त्या शास्त्रज्ञांवर का नको ठेवू? तेही विश्वास ठेवा म्हणूनच सांगत होते."

कुणीतरी माइक बंद केला. तो बंद झाल्यावरही ती दोन वाक्यं बोलली, पण ती फक्त पहिल्या रांगेला ऐकू गेली. तिला त्या कंपन्या, ते सरकार, हे लोक, सगळ्यांकडून एकच हवं होतं, डब्यावर लिहा आणि मग मला ठरवू द्या. समोर मोबाइल धरून उभ्या असलेल्यांनी ते हळूहळू खाली घेतले. याचा व्हिडिओ कुणी टाकला नाही. मी नंतर पुष्कळ शोधला. जुना मात्र अजून फिरतोय.

बाहेर आल्यावर माझे डोळे भरून आले होते, अभिमानाने आणि संतापाने, दोन्हीने. तिला मिठी मारावीशी वाटत होती. ती म्हणाली, "भूक लागली." स्टेशनजवळच्या उडप्याकडे बसलो. वेटरला तिने विचारलंच, "वडा कुठल्या तेलात तळता?" तो म्हणाला, "मालूम नहीं आंटी, जो आता है वही." तिने इडली मागवली. पण दोन प्लेट खाल्ल्या.

पुढच्या आठवड्यात ती मला घेऊन भावोजींच्या डॉक्टरांकडे गेली. वेळ घेऊन, फी भरून, पेशंटच्या खुर्चीत बसली. फरसाणाचं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी मध्ये तोडलं नाही. मग म्हणाले, "त्या तेलाने झालं असं दाखवणारं माझ्याकडे काही नाही. नेमकं कशाने झालं तेही मला सांगता येणार नाही, मला माहीत नाही. पण तुम्ही रविवारी प्रेमाने वाढलंत म्हणून ते गेले, हे मी तुम्हाला म्हणू देणार नाही."

लिफ्टमध्ये ती भिंतीला टेकली. "माहीत नाही म्हणाला तो," ती म्हणाली. "इतक्या दिवसांत कुणी म्हणालं नव्हतं."

मीसुद्धा म्हणाले नव्हते. मी तिला फक्त उत्तरं देत होते.

त्यानंतर ती बरी झाली असं लिहायला मला आवडलं असतं. थोडी झाली. टोमॅटो परत आला, पपई आली. ग्रुप तिने सोडला. अंगावर जरा मांस चढलं. पण तेलाच्या बाबतीत ती हटली नाही. कल्याणला एका घाण्यावरून ती शेंगदाण्याचं तेल आणायला लागली, डोळ्यांसमोर काढून घेतलेलं. एकदा जेवायला गेले तर तिने भजी तळली होती, भावोजी गेल्यानंतर पहिल्यांदाच कढई चढवली होती. घरभर शेंगदाण्याचा वास. मी घास तोंडाजवळ नेला आणि माझ्यातली लॅबवाली जागी झाली.

"शेंगदाणे बघतेस ना आधी? बुरशी लागलेले असले तर घाण्याच्या तेलात तिचं विष उतरू शकतं. रिफाइंडमध्ये ते निघून जातं, यात नाही निघत."

झारा हातात धरून ती माझ्याकडे बघत राहिली. तेल तडतडत होतं.

"तू मला काहीच खाऊ देणार नाहीस का गं?"

मी काय करायचं होतं? गप्प बसायचं? माझ्या हिशेबाने फरसाणवाल्याच्या डब्यातल्या तेलापेक्षा या 'शुद्ध' तेलाची काळजी जास्त करायला हवी होती. या बुरशीवर कुणी मेळावा भरवत नाही, कुणी मेसेज पाठवत नाही. पण जिने कित्येक महिन्यांनी कढई चढवली, तिला हे सांगणारी मी कोण? मी भजी खाल्ली. दुसऱ्या दिवशी मात्र तिच्याबरोबर घाण्यावर गेले आणि पोत्यात हात घालून दाणे बघितले. चांगले होते. घाणेवाल्याला राग आला, "मॅडम, आमचं शुद्ध आहे." ताई म्हणाली, "ती माझी बहीण आहे, तिला बघू दे. तिला सगळ्याचंच वावडं आहे." आणि मला हसू आलं नाही.

मागे बातमी आली की आता भाताच्याही नव्या जाती तयार झाल्यात, जनुकांत बदल केलेल्या. दुपारी ताईचा फोन. "अगं, भातसुद्धा?"

मी सांगायला लागले की यात बाहेरचं जनुक घातलेलं नाही, त्याच भाताचं आतलंच जनुक थोडं बदललंय, हे तंत्र वेगळं, बीटीसारखं नाही. बोलता बोलता मला स्वतःचाच आवाज ऐकू आला. तोच तो सभागृहातला सूर. मी थांबले.

"पुढे?" ताई म्हणाली.

"पुढचं नीट वाचून सांगते. सगळं मलाही माहीत नाही."

"बाजारात येईल तेव्हा वेगळा ओळखता येईल?"

"मला नाही वाटत."

फोनमधून हायवेवरच्या गाड्यांचा आवाज येत होता. मग म्हणाली, "वाच आणि रविवारी ये. भांडायचं असेल तर जेवून भांडू."